मुलाचा आवाज, मोठ्यांचा गळा

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या आळीतला एक टेम्पोचालक त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या फोनवर एक निरोप आला होता. तुमच्या मुलाला कार्टूनचा आवाज बनवा, नोंदणीचे पंधरा हजार रुपये भरा, काम आम्ही देऊ, असा त्याचा मतलब. ‘काका, यो खरा हाय का?’ त्याने विचारले. मुलगी दाराशी उभी राहून माझ्या मांजराशी डोरेमॉनच्या आवाजात बोलत होती, पण आगरीत. तो आवाज ऐकून मी हातातला कप खाली ठेवला. नक्कल तर हुबेहूब होतीच, पण मांजर ऐकत नाही म्हणून त्या आवाजात जो वैताग येत होता, तो तिने टीव्हीवरून उचललेला नव्हता. तो तिचा होता.

माझ्याकडेच का आले, ते सांगतो. मी तीस वर्षे गोदामात मालाची नोंद ठेवायचे काम केले. शिक्षण बारावीपर्यंत. पण जुने रेडिओ, तबकड्या आणि रद्दीत निघणारी सिनेमाची मासिके जमवण्याचा नाद पहिल्यापासून आहे, आणि त्या नादातून आवाजाच्या इतिहासावर थोडेफार लिहीत आलो. गावात त्यामुळे ‘रेडिओवाले काका’ हे नाव पडले. पंधरा हजारांचे उत्तर सोपे होते. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. तेव्हा भरू नकोस, एवढेच सांगितले. पण मग त्याने दुसरा प्रश्न विचारला: ‘मंग पोरीला कसा लावायचा या कामाला?’ त्याचे उत्तर मला देता येईना. आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि माझ्या जुन्या वह्या काढल्या.

त्या वह्या चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. मराठी कानांनी गेल्या शंभर वर्षांत मुलांचे आवाज पुष्कळ ऐकले, पण त्या प्रत्येक आवाजाबाबत तीन गोष्टी मोठ्यांनी ठरवल्या होत्या. गळा कोणाचा, बोली कोणाची आणि पैसा कोणाचा. पोराला या धंद्यात घालायचे म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधायची.

गळा कोणाचा?

बोलपट आला तेव्हा पडद्यावरचे मूल स्वतःच बोलत आणि गात असे, कारण दुसरी सोयच नव्हती. प्रभातच्या ‘गोपालकृष्ण’मध्ये (१९३८) कृष्ण झालेले राम मराठे तेव्हा चौदा वर्षांचेही नव्हते. दामले-फत्तेलालांचे दिग्दर्शन, मास्टर कृष्णरावांचे संगीत, आणि गाणारा गळा त्या मुलाचा. पुढे आवाज फुटला, वय वाढले, पण मराठ्यांनी गाण्याची तालीम धरून ठेवली आणि ते संगीत रंगभूमीवरचे आणि मैफिलीतले मोठे गवई झाले. बालकलाकाराचा आवाज जातो तेव्हा हाताशी विद्या असेल तर माणूस तरतो, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा मला सापडला नाही.

पार्श्वगायन १९३५च्या ‘धूपछाँव’पासून हिंदीत रुळू लागले आणि चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा ही वाट मोकळी झाली. ती मुलांच्या बाबतीत मोठ्यांच्या पथ्यावर पडली. १९५३च्या ‘देवबाप्पा’त पडद्यावर लहान मुलगी नाचते. ते मोराचे गाणे आज तीन पिढ्यांना पाठ आहे. ते गायले आशा भोसले यांनी. त्या तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होत्या, एका मुलाच्या आई होत्या. संगीत पु. ल. देशपांडे यांचे, दिग्दर्शन राम गबाले यांचे. महाराष्ट्रातले सगळ्यांत लाडके बालगीत लहान मुलाने गायलेले नाही, हे सांगितले की पुष्कळांना आजही पटत नाही.

यात कोणाची लबाडी नव्हती. त्या काळी गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी मुद्रित होत असे. एक सूर चुकला की वीस-तीस वादकांसकट पहिल्यापासून सुरुवात. स्टुडिओचे भाडे तासावर. अशा वेळी सात वर्षांच्या पोरावर भिस्त ठेवायला कोणता निर्माता धजावेल? शिवाय निसर्गानेही मोठ्यांना मदत केली. लहान मुलाच्या आवाजाची कंपने सेकंदाला साधारण अडीचशे ते तीनशे असतात, बाईची दोनशेच्या आसपास, पुरुषाची सव्वाशेच्या आत-बाहेर. म्हणजे बाईने आवाज थोडा वर चढवला की मूल तयार होते. मुलगा तेरा-चौदाचा झाला की त्याचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. बाईचा मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो. मालिका दहा वर्षे चालायची असेल तर निर्माता कोणाला घेईल, हे सांगायला नको. हिंदीतल्या ‘निंजा हातोडी’चा आवाज मेघना एरंडे यांचा आहे, तो याच परंपरेतला.

खऱ्या मुलांचा आवाज परत ऐकू आला तो सत्तरीच्या पुढेमागे. १९७१च्या ‘अंदाज’मध्ये सुषमा श्रेष्ठ या बालिकेचा आवाज आला. १९७३च्या ‘यादों की बारात’च्या शीर्षकगीतात लताबाईंबरोबर पद्मिनी आणि शिवांगी या कोल्हापुरे बहिणी गायल्या. मराठीत मीना खडीकर यांनी आपल्या मुलांना, योगेश आणि रचना यांना घेऊन बालगीते केली आणि भोलानाथाला पावसाबद्दल विचारणारा आवाज पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलांचा झाला. मात्र एक पाहण्यासारखे आहे. योगेश-रचनाची आई संगीतकार, कोल्हापुरे बहिणींच्या घरात पिढीजात गाणे. स्टुडिओचे दार आतून उघडणारे कोणी असेल तरच मूल आत जाई. वळसारख्या गावातल्या टेम्पोचालकाच्या मुलीसाठी ते दार कोण उघडणार होते?

त्याचे उत्तर काही अंशी रेडिओने दिले. मुंबईत २३ जुलै १९२७ला नभोवाणी सुरू झाली, २ ऑक्टोबर १९५३ला पुणे केंद्र सुरू झाले. मुंबईची ‘गंमत जंमत’ आणि पुण्याचे ‘बालोद्यान’ या कार्यक्रमांनी मुलांना मायक्रोफोनसमोर उभे केले. ‘बालोद्यान’ला गोपीनाथ तळवलकर आणि सई परांजपे यांच्यासारखी माणसे लाभली. तिथे मुलाला मिळायचे ते पैशापेक्षा मोठे होते: कागद न वाजवता वाचणे, वाक्य कुठे तोडावे, दिवा लागल्यावर खोकला कसा दाबावा. ‘डोरेमॉन’ २००५मध्ये हिंदीत आला तेव्हा त्याचा आवाज झालेल्या सोनल कौशल शाळकरी वयाच्या होत्या, आणि त्यांचीही सुरुवात बालपणी दिल्लीच्या आकाशवाणीत झाली होती. चाचणीशिवाय आणि सवयीशिवाय हा धंदा कोणाला साधलेला नाही. पंधरा हजार भरून तर नाहीच नाही.

बोली कोणाची?

आमच्या गावाचे नाव कागदावर वळ, तोंडात वल. आगरीत ळ टिकत नाही, ण चा न होतो, ड चा र. पाणी ते पानी, गाडी ती गारी, घोडा तो घोरा. माझ्या लहानपणी इथे भातशेती होती. पुढे मुंबईची जकात चुकवून माल हद्दीबाहेर साठवायचा म्हणून वळ, दापोडे, माणकोली या पट्ट्यात गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. आज आमच्या रस्त्यावर हिंदी, भोजपुरी, उर्दू, तेलुगू ऐकू येते. आगरी घरात उरली.

मी अकरा वर्षांचा असताना शाळेच्या गुरुजींनी मला मुंबईला एका बालनाट्य शिबिराच्या निवडीसाठी नेले होते. मला एक उतारा वाचायला दिला. त्यात ‘बाळ’ हा शब्द चारदा होता. चारही वेळा मी ‘बाल’ म्हणालो. समोरच्या बाई वाईट नव्हत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आवाज गोड आहे, पण उच्चार सुधारून पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी मी गेलो नाही. परतीच्या गाडीत गुरुजींनी मला शेंगदाणे घेऊन दिले आणि ठाणे येईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही.

हे सांगायचे कारण असे की मराठीतला ‘मुलांचा आवाज’ दीर्घकाळ एकाच प्रकारच्या घरातला होता. पाठ्यपुस्तक त्याच भाषेत, रेडिओ त्याच भाषेत, बालनाट्य त्याच भाषेत. १ नोव्हेंबर १९६७ला विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या आणि बिस्किटापासून दंतमंजनापर्यंत सगळे मागणारे मूलही त्याच भाषेत मागू लागले. बोलीभाषा आली तर विनोदाला, नोकराच्या नाहीतर गावंढळाच्या तोंडी.

हे बदलायला नवे शतक उजाडावे लागले. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१८च्या ‘नाळ’मध्ये श्रीनिवास पोकळे वऱ्हाडी वळणाचे बोलला आणि तोही राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. या दोघांची बोली कोणी घासूनपुसून काढली नाही. काढली असती तर चित्रपटच उरला नसता. पण डबिंगच्या खोलीत हा वारा अजून पुरता पोचलेला नाही. तिथे मुलाच्या कानावर हेडफोन असतो, त्यात मूळ भाषेतले वाक्य, समोर पडद्यावर हलणारे ओठ. वेगाने वाचता न येणाऱ्या मुलाला दिग्दर्शक एकेक ओळ म्हणून दाखवतो आणि मूल ती तशीच्या तशी परत म्हणते. म्हणजे शब्दच नव्हे, चालसुद्धा उसनी.

पोरीला मी काय सांगावे? ‘ळ’ शीक, असे सांगितले तर मी त्या बाईंच्या बाजूला जाऊन बसतो. नको शिकू म्हटले तर तिला शेंगदाणे खात परत आणतो. शेवटी असे ठरवले की ‘ळ’ हे एक हत्यार आहे, ते पेटीत असावे. पण घरचे हत्यार टाकून ते घ्यायचे नाही. रोज दहा मिनिटे बालभारतीचे पुस्तक मोठ्याने वाचायचे, आणि मग तीच गोष्ट आजीला आगरीत सांगायची. सरावाला जागाही इथलीच मिळाली. कापडाच्या गाठींनी भरलेल्या गोदामात आवाज घुमत नाही, कापड तो पिऊन टाकते. रविवारी ओळखीच्या मुकादमाने एक कोपरा दिला. दोन गाठींच्या मधे बसून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून पोरगी बोलली. नंतर ऐकले तर बाहेरच्या ट्रकचा भोंगासुद्धा नव्हता.

पैसा कोणाचा?

२४ एप्रिल १९४२ला पुण्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले. थोरली लता तेरा वर्षांचीही नव्हती. त्याआधी डिसेंबर १९४१मध्ये ती रेडिओवर गाऊन आली होती, आणि ‘किती हसाल’ या चित्रपटासाठी तिचे एक गाणे मुद्रितही झाले होते. ते चित्रपटात राहिले नाही. वडील गेल्यावर मास्टर विनायकांनी तिला कामाला घेतले. ‘पहिली मंगळागौर’मध्ये तिने काम केले, गाणेही गायले. पुढल्याच वर्षी ‘माझं बाळ’मध्ये धाकट्या आशाचा आवाज आला, तेव्हा ती जेमतेम दहाची होती. या गोष्टीकडे आपण यशाच्या टोकाकडून पाहतो. १९४२च्या टोकाकडून पाहिले तर दिसते ते एवढेच: आई, पाच मुले आणि घर चालवणारा एक कोवळा गळा. त्या कमाईवर तिचा म्हणून काही वाटा ठेवावा, असा कायदा तेव्हा आपल्याकडे नव्हता.

अमेरिकेत तो नुकताच झाला होता, आणि तोही एका मुलाचे नुकसान झाल्यावर. चॅप्लिनच्या ‘द किड’मधला (१९२१) जॅकी कूगन लहानपणी तीस-चाळीस लाख डॉलर मिळवून बसला होता. वयात आल्यावर पाहतो तर आई आणि सावत्र बापाने बहुतेक सगळे संपवलेले. १९३८मध्ये त्याने दावा लावला. हाती सव्वा लाखाच्या आसपास आले. १९३९मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईचा कायदा केला. तोही इतका ढिला होता की १५ टक्के सक्तीने बाजूला काढण्याची तरतूद यायला २००० साल उजाडले.

आपल्याकडे १९८६च्या बालकामगार कायद्याने धोक्याच्या धंद्यांवर बंदी घातली. सिनेमा-रेडिओचे मूल त्यात ठळकपणे नव्हते. २०१६च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास सरसकट मनाई केली आणि दृक्‌श्राव्य मनोरंजनातल्या बालकलाकारांना शाळेच्या अटीवर सूट दिली. २०१७च्या नियमांनी ती सूट बांधून टाकली. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांहून अधिक नाही. जिथे काम होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची. म्हणजे मूल ठाणे जिल्ह्यातले असले तरी स्टुडिओ अंधेरीत असेल तर मुंबई उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांची. ती सहा महिने चालते. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. मुलाच्या मनाविरुद्ध काम नाही. आणि कमाईतले निदान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावावर मुदत ठेवीत, जे सज्ञान झाल्यावर त्यालाच मिळतील.

हे सगळे मी टेम्पोचालकाला वाचून दाखवले. तो शेवटच्या ओळीवर थांबला. ‘मंजी बाकीचे ऐंशी माजे?’ त्याने विचारले, आणि स्वतःच हसला. मग हसू गेले. मी गप्प राहिलो. त्याच्या टेम्पोचे हप्ते थकले होते, ते मला ठाऊक होते.

आता एक चौथा प्रश्न उभा राहिला आहे, तो माझ्या वह्यांत नव्हता. राम मराठ्यांचा बालआवाज निसर्गाने काढून घेतला. त्यानंतर तो कोणाला वापरता आला नाही. आज थोड्याशा नमुन्यावरून संगणक तसाच आवाज बोलता करतो. मूल मोठे होईल, गळा बदलेल, पण नऊ वर्षांचा तो आवाज यंत्रात नऊ वर्षांचाच राहील आणि तिने कधी न उच्चारलेली वाक्ये बोलत राहील. म्हणून करारात ‘सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी’ असे शब्द दिसले की थांबायचे, हे मी बापाला दोनदा सांगितले.

दोन चाचण्या

पोरीच्या दोन चाचण्या झाल्या. पहिल्या ठिकाणी आवाज आवडला. ‘गाव तेवढं काढा’, असे सांगून परत पाठवले. मी बरोबर होतो. येताना शेंगदाणे घेतले नाहीत, वडापाव घेतला, आणि गाडीत आम्ही भरपूर बोललो. दुसऱ्या ठिकाणी गावातल्या शाळेच्या प्रसंगासाठी मुलांचे आवाज हवे होते. तिथे तिची आगरी ऐकून सगळे खूश झाले. तिला चार स्वतंत्र ओळीही दिल्या. परवानगीचे विचारले तेव्हा व्यवस्थापक म्हणाला, ‘चार ओळींसाठी कोण कागद करतं?’ दोन दिवसांनी कागद आला. परवानगीचा नव्हता. त्यात ते वाक्य होते: सर्व माध्यमे, सर्व तंत्रज्ञाने, कायमस्वरूपी.

बापाने ते काढायला सांगितले. त्यांनी काढले नाही. त्याने सही केली नाही.

त्या रात्री पोरगी रडली, ते मला भिंतीपलीकडून ऐकू आले. हप्ता त्या महिन्यातही चुकला. इतिहास सांगणाऱ्याचे काही जात नाही. जाते ते ज्याला सांगितला त्याचे. एवढ्या वर्षांच्या वह्यांनी एका मुलीचे पहिले काम घालवले, हे मी नाकारत नाही. सही करायला हवी होती का, असे तिच्या बापाला मी नंतर विचारले. तो म्हणाला, ‘काका, टेम्पो इकला तरी परत घेता येल. यो कसा आनू?’ मग बँकेत जाऊन त्याने पाचशे रुपयांनी मुलीच्या नावाचे खाते उघडले. काम आले की पैसे ठेवायला जागा असावी म्हणून.

रविवारचा सराव चालू आहे. ‘ळ’ आता येतो. हल्ली ती आजीकडून धवले शिकते आहे. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणी म्हणतात ती ही गाणी. ती म्हणणाऱ्या बाया आमच्या गावात आता मोजक्याच आहेत. गाठींच्या मधे बसून तिने त्यातला एक पुरा म्हटला आणि बापाच्या फोनवर घेतला. इतका स्वच्छ, इतक्या लहान गळ्यातला धवला माझ्या सगळ्या संग्रहात नाही. त्याची एक प्रत मला दे, असे मी तिला म्हणालो.

तिने फोन पाठीमागे लपवला. ‘काका,’ ती म्हणाली, ‘आदी कागद कर.’